स्तोत्राच्या एका ओळीत गुडघा

केनोसीची करडी शेळी तीन पायांवर लंगडत घरी आली. चौथ्या पायाच्या खुरात एक वाळलेलं फळ रुतलं होतं. चारी बाजूंना आकडे असलेलं, बघणाऱ्याला लोखंडी वाटावं असं.

*

माझ्या थोरल्या मामीचं नाव बासेत्साना. गाव तिला ‘खुर्ची’ म्हणायचं, अर्थात पाठीमागे. ती वारली तेव्हा चर्चमध्ये पाद्र्यांनी तिचं खरं नाव घेतलं, आणि मागच्या बाकांवरचे लोक एकमेकांना विचारू लागले, की आपण दुसऱ्याच कुणाच्या अंत्यविधीला तर आलो नाही ना.

*

रानटी कलिंगड गोड आहे की कडू, हे बाहेरून कळत नाही. गाढवाला कळतं. पण गाढव सांगत नाही.

*

आमच्या चर्चच्या पहिल्या स्तोत्राची पहिली ओळ तरुण मंडळींनी म्हटली तर दाराला कुलूप लावेपर्यंत संपते. सेरामेबाईंनी म्हटली तर चहाला उकळी येते, आणि कधीकधी तो उतूही जातो.

*

सरकारी कचेरीतल्या अर्जावर कंद खणण्याची तीनच कारणं छापलेली आहेत. घरगुती वापर, विक्री, निर्यात. जिज्ञासा हे कारण नाही.

*

हे सगळं माझ्या बायकोच्या उजव्या गुडघ्याबद्दल आहे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोग लिहायची एकच पद्धत मला ठाऊक आहे: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. पोरांनी क्रम मोडला की मी गुण कापायचो. इथे क्रम मोडलेला आहे. माझे गुण कापायला आता कोणी उरलेलं नाही, एक बायको सोडली तर.

उद्देश

माझ्या बहिणीचा मुलगा अतांग लग्नाचा झाला. मुलगी खालच्या आळीतली. आमच्याकडे मुलगी मागायला मुलाचे आईबाप पुढे होत नाहीत, मामा पुढे होतो. म्हणजे मी. पुरुषांच्या पुढे मी, आणि बायकांच्या पुढे माझी बायको, तेफोची आई. तेफो आमचा मुलगा, राजधानीत असतो, आणि गुडघ्यांविषयी फोनवरून सल्ले देतो.

मागणीच्या दिवशी पहाटे पुरुष मुलीच्या अंगणात खुर्च्यांवर बसतात. बायका खांद्यावर शाली टाचून रांगेने आत येतात आणि जमिनीवर पाय पसरून बसतात. बोलणी झाली की सगळ्यात मोठी बाई आधी उठते, मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. मोठी उठल्याशिवाय कोणी उठत नाही. पुढच्या बाईला हात देऊन उठवावं लागलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिच्यासाठी खुर्ची आणावी लागली, तर लग्न होतं, पण त्या लग्नाची आठवण खुर्चीपासून सुरू होते.

तेफोच्या आईचा गुडघा संधिवाताने आखडलेला. दवाखान्यातल्या गोळ्यांनी तिचं पोट जळायचं. नर्सने तिला सांगितलं, “मावशी, जमिनीवर बसणं सोडा.” तेफोच्या आईने नर्सलाच सोडलं.

माझ्या धाकट्या भावाची बायको पुलेंग हिचे गुडघे उत्तम आहेत. ती एका दुपारी चहाला आली आणि फार मायेने म्हणाली, “ताई, तुम्ही त्या दिवशी गाडीतच बसा. मी होते पुढे. उगाच त्रास कशाला?”

“साखर घे अजून,” तेफोची आई म्हणाली.

पुलेंग गेल्यावर ती मला म्हणाली, “तेफोचे बाबा, मी पुढे बसणार. आणि उठणार. कसं, ते तुम्ही बघा. विज्ञान तुमचं आहे.”

साहित्य

संधिवातावर सेंगापरिलेचा कंद चालतो, हे आमच्या वाळवंटात पाळण्यातल्या मुलालाही माहीत असतं. कंद उकळायचा आणि प्यायचा. तो इतका कडू असतो की पुढचे दोन दिवस ज्वारीच्या पेजेलाही चव लागत नाही.

“उकळून देतो,” मी म्हणालो.

“आणि उपयोग नाही झाला तर? तोंडही कडू आणि गुडघाही तसाच?” ती म्हणाली. “आधी खात्री करा, मग पिईन.”

हे वाक्य तिने रागाने टाकलं होतं. मी ते संशोधनाचं निमंत्रण म्हणून उचललं. तुलना नसलेला दावा म्हणजे निव्वळ कुटाळकी, असं मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. आता ते स्वतः करून दाखवायची वेळ आली होती.

शेजारी केनोसी हा निवृत्त पोलीस. कुंपणापलीकडून सल्ला देणं एवढंच त्याचं निवृत्तीनंतरचं काम. त्याने शेळीच्या खुरातलं आकड्यांचं फळ, सेंगापरिलेचंच, पकडीने उपटून मला दाखवलं. “मास्तर, झाड शोधायला पुस्तक नको. शेळी जिथे लंगडायला लागते तिथे खणा.”

“खणायला परवाना लागतो.”

“मी पोलीस होतो. मी तुम्हाला बघितलं नाही, असं समजा.”

पण मी परवानाच काढायला गेलो. आयुष्यभर पोरांना नियम सांगितल्याचा हा तोटा आहे. कचेरीत टेबलामागे मोअगी बसला होता. त्याला मी नववीत विज्ञानात नापास केलं होतं, ते त्याला आठवत होतं. मला आठवत नाही असं मी दाखवलं.

“कारण काय लिहू, सर?”

“चाचणी.”

“ते इथे नाही. घरगुती लिहू?”

“घरगुती नाही. बरीच माणसं असणार.”

“मग विक्री.”

“विकणार नाही.”

“मग सर, हे संशोधन झालं. त्याची परवानगी राजधानीतून येते. राजधानी गावप्रमुखांची संमती मागते. गावप्रमुख चावडी बोलावतात.” त्याने पेन बंद केलं. “तुम्हीच शिकवलं होतं, सर. पायरी गाळायची नाही.”

तो शांतपणे हसला. नववीचे गुण त्याने वसूल केले होते, व्याजासकट.

कृती

चावडीवर सगळा गाव आला. पुरुष आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन आले, बायका वाळूत बसल्या. मी उभा राहून समजावून सांगितलं: गुडघे दुखणारी जेवढी माणसं तयार असतील त्यांचे दोन गट होतील. एका गटाला सेंगापरिले, दुसऱ्याला तसंच दिसणारं, तसंच कडू लागणारं, पण औषध नसलेलं काहीतरी. कुणाला काय मिळालं ते कुणालाच कळणार नाही.



मग सेरामेबाई उठल्या. त्या आमच्या चर्चच्या गायकमंडळाच्या प्रमुख, आणि अतांगच्या होणाऱ्या बायकोची आत्या. म्हणजे मागणीच्या दिवशी समोरच्या बाजूला बायकांच्या पुढे याच बसणार. त्या उठल्या खऱ्या, पण दोन बायकांच्या खांद्यांना धरून. त्यांचे दोन्ही गुडघे माझ्या यादीत होते.

“मास्तर, म्हणजे तुमच्या घरी पाहुणे आले, तर अर्ध्यांना मटण वाढायचं आणि अर्ध्यांना मटणासारखं दिसणारं लाकूड?”

“बाई, ही तुलना आहे.”

“लाकडाचीच ना?”

“आणि लाकूड खाणाऱ्याला सांगायचं नाही,” मागून कोणीतरी भर घातली.

“त्याला कळणार नाही का, मास्तर? दात आहेत की त्याला.”

मी म्हणालो की चाचणी संपल्यावर लाकूडवाल्यांनाही मटण मिळेल. हे वाक्य माझ्या तोंडून गेल्यावर मला जाणवलं की मी हरलो आहे. वाद मटणावर गेला की विज्ञान कुठेच उरत नाही.

शेवटी गावप्रमुखांनी हात वर केला. त्यांनी एक म्हण सांगितली. ती आमच्या गावात प्रत्येक निकालाला लागू पडते, म्हणून मी इथे गाळतो. मग ते म्हणाले, “मास्तरांनी आमच्या पोरांना शिकवलंय. करू द्या त्यांना. फक्त कुणावर अन्याय होता कामा नये.”

“होणार नाही, राजे,” मी म्हणालो.

सगळ्यांनी ‘पाऊस, पाऊस’ असा होकाराचा घोष केला. ठराव मंजूर झाला. गावप्रमुखांच्या त्या अन्यायाच्या वाक्याचा अर्थ मी एक घेतला आणि गावाने दुसरा, हे मला फार नंतर कळलं.

राजधानीचं पत्र येईपर्यंत आमची एक कोंबडी अंडी घालून, उबवून, पिल्लं मोठी करून बसली. पत्रात लिहिलं होतं की हरकत नाही, मात्र मोअगी निरीक्षक म्हणून हजर राहील.

मी खणलं. मधलं मूळ शाबूत ठेवलं, बाजूचे कंद तेवढे काढले, चकत्या करून पत्र्यावर वाळवल्या. आता तसंच कडू दुसरं काहीतरी हवं होतं. केनोसी म्हणाला, “कडू कलिंगड घ्या. गाढवसुद्धा थुंकतं.” मी कलिंगडाची साल वाळवून जिभेला लावली आणि थुंकली. कडूपणा तंतोतंत जुळला. एखादी गोष्ट थुंकून तपासली तर तिची फक्त चव कळते, गिळल्यावर ती काय करते ते कळत नाही. हे मी कुठल्याच वर्गाला शिकवलं नव्हतं.

पुड्या केनोसीने बांधल्या, म्हणजे मलाही कळू नये. एका प्रकाराला लाल दोरा, दुसऱ्याला निळा.

“कुठला कशाचा, ते लिहून ठेव,” मी म्हणालो.

“लिहिलेलं चोरीला जातं. डोक्यात ठेवतो. पोलिसाचं डोकं आहे, मास्तर.”

उरलं मोजमाप. जमिनीवर पाय पसरून बसायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं. किती वेळ लागला ते मोजायला एका विद्यार्थ्याकडून जप्त केलेलं घड्याळ माझ्याकडे होतं. ते बंद निघालं. ते जप्त केलं तेव्हाही बंद होतं, असं मोअगी म्हणाला. घड्याळ त्याचंच होतं.

“स्तोत्र म्हणते मी,” सेरामेबाई म्हणाल्या. “कोण कितव्या ओळीला उठतं ते बघा.”

दुसरा उपाय नव्हता. पहिल्या दिवशी तेफोची आई तिसऱ्या ओळीला उठली, तेही तळहात वाळूत रोवून. मात्र माझ्या असं लक्षात आलं की सेरामेबाई आपल्या मैत्रिणींसाठी सावकाश म्हणतात आणि ज्या बाईने त्यांची घागर नेऊन परत केली नव्हती तिच्यासाठी भराभर. मी हरकत घेतली.

“मास्तर, स्तोत्र आहे ते,” त्या म्हणाल्या. “आलं तसं म्हणते.”

निरीक्षण

पुड्या वाटल्या. आठवडे गेले. कुणी कुणाला आपला दोरा दाखवायचा नाही, अशी ताकीद मी दिली होती, आणि ती काटेकोरपणे पाळली जात होती. मला त्याचं कौतुक वाटत होतं. एका संध्याकाळी मी सेरामेबाईंच्या अंगणावरून चाललो होतो. आत तीन पायांचं लोखंडी भांडं चुलीवर चढलेलं. भोवती माझा पहिला गट आणि माझा दुसरा गट, मांडीला मांडी लावून बसलेले. एक म्हातारा लाल दोरा सोडून पुडी भांड्यात टाकत होता, शेजारचा निळा. पळी तेफोच्या आईच्या हातात होती.

मी कुंपणाला धरून उभा राहिलो.

“काय चाललंय हे?”

“औषध,” सेरामेबाई म्हणाल्या.

“पण पुड्या वेगवेगळ्या घ्यायच्या होत्या.”

“तुम्हीच म्हणालात खरं कुणाकडे, खोटं कुणाकडे, ते तुम्हालाही माहीत नाही. मग काय करायचं? सगळं एकत्र केलं. आता सगळ्यांनाच अर्धं अर्धं खरं मिळतंय. कुणी उपाशी नाही.”

“कुणावर अन्याय होणार नाही, असं चावडीवर तुम्हीच बोललात,” म्हातारा म्हणाला. “राजेसुद्धा पेलाभर घेऊन जातात.”

“केव्हापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

मी बायकोकडे बघितलं. “आणि तू?”

“मग मी काय घरी एकटी बसून पिऊ?” तिने पळी भरली. “तुम्ही घेता का? आहे भरपूर.”

केनोसीही होता. त्याचे गुडघे धडधाकट होते, पण अंगण शेजारचं होतं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं की निदान लाल म्हणजे कुठलं आणि निळं म्हणजे कुठलं, तेवढं तरी सांग.

त्याने पोलिसी डोळे बारीक केले. “लाल म्हणजे खरं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “तुम्ही आत्ता विचारलंत म्हणून गोंधळ झाला.”

एक भांडं, एक गट, तुलना शून्य. नववीतल्या पोराने असा प्रयोग लिहून आणला असता तर मी पान फाडलं असतं. पण राजधानीचं पत्र आलेलं, निरीक्षक ठरलेला, शेवटच्या मोजणीचा दिवस ठरलेला. मी घरी गेलो आणि पेज खाल्ली. तिला चव होती, ते मला उगाचच लागलं.

शेवटच्या मोजणीच्या सकाळी गावाने एक चांगला विचार केला. काही उरू नये, कुणाच्या वाट्याला कमी येऊ नये, म्हणून उरलेल्या सगळ्या पुड्या एकदम उकळल्या आणि पेले भरभरून प्यायले. मग सगळे चावडीवर येऊन रांगेत बसले. मोअगी टाय बांधून आला होता.

मी कलिंगडाची साल थुंकली होती, हे वर सांगितलं आहे.

सेरामेबाईंनी सूर लावला. पहिल्या ओळीचा पहिला शब्द पुरता झाला नव्हता. एक म्हातारा उठला. त्याच्या मागोमाग दुसरा. मग सगळी रांग उठली, हात न टेकता, सरळ, आणि थांबली नाही. ज्यांना दवाखान्यापर्यंत गाढवगाडीतून न्यावं लागायचं ती माणसं चावडीच्या कुंपणाला वळसा घालून आपापल्या घरामागच्या आडोशाकडे निघाली, काही चक्क पळत. सेरामेबाईंनी ओळ अर्ध्यावर सोडली आणि त्याही गेल्या. दोन्ही गुडघ्यांनी. गावप्रमुख खुर्चीवरून उठले, म्हणाले, “चावडी बरखास्त,” आणि मोठ्या पावलांनी निघून गेले.

मोअगी रिकाम्या वाळूकडे बघत उभा होता.

“सर,” तो हलकेच म्हणाला, “मी असा गुण कधी बघितला नाही.”

 खुलासा करायच्या ऐवजी मी त्याच्यापुढे पेन धरलं. त्याने अहवालात लिहिलं: हालचालीत विलक्षण सुधारणा, सर्वच रुग्णांमध्ये. राजधानीने हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करावा असं कळवलं. ते पत्र मी फोटोच्या चौकटीमागे ठेवलं आहे. फोटो माझ्या निरोप समारंभाचा आहे.

संध्याकाळी तेफोची आई पांढरीफटक होऊन पडली होती.

“गुडघा कसा आहे?” मी विचारलं.

“आज गुडघ्याकडे बघायला वेळ मिळाला नाही.”

दोन दिवसांनी मी पुन्हा विचारलं.

“दुखतो. पूर्वीपेक्षा कमी दुखतो, की मला सवय झाली, ते तुमच्या विज्ञानाला विचारा.”

 मग मागणीचा दिवस आला.

अनुमान

पहाटे थंडी होती. आम्ही पुरुष कोट घालून मुलीच्या अंगणात खुर्च्यांवर बसलो. मग बायका आल्या. तेफोची आई पुढे, शाल नीट टाचलेली. तिच्या मागे पुलेंग. समोर मुलीकडच्या बायका, त्यांच्या पुढे सेरामेबाई. आमच्या बाजूच्याही निम्म्या बायका आणि त्यांच्या बाजूच्याही निम्म्या बायका एकाच भांड्यातलं प्यायलेल्या.

फाटकाबाहेर केनोसीच्या गाडीत एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची होती. केनोसी ‘सहज’ घेऊन आला होता.

“ताई,” पुलेंग मागून कुजबुजली, “गाडीत खुर्ची आहे. सांगू का?”

“राहू दे,” तेफोची आई म्हणाली, आणि खाली बसली. बसणं कुणालाही जमतं.

मी उभा राहून ठरलेले शब्द बोललो. आम्ही तुमच्याकडे भोपळाभर पाणी मागायला आलो आहोत. त्यांच्या मामाने विचारलं की पाणी कुठल्या भोपळ्यातलं. मी मुलीचं नाव घेतलं. गुरांची बोलणी झाली, ती जशी लांबतात तशी लांबली. सूर्य वर आला. समोरून ‘दिली’ असा शब्द आला आणि बायकांनी जिभा हलवून ललकारी दिली.

आता उठायचं होतं.

तेफोच्या आईने उजवा पाय जवळ घेतला. वाळूत हात रोवला. थोडी वर झाली आणि थांबली. पुन्हा खाली बसली, जणू काही शाल सारखी करायची राहिली होती. मागची सगळी रांग बसून होती. पुलेंग वाळूकडे बघत होती. आमच्या बाजूच्या एका पुरुषाने फाटकाकडे पाहिलं, आणि केनोसी गाडीतली खुर्ची आणायला जागेवरून अर्धा उठला.

समोरून सेरामेबाईंनी स्तोत्राची पहिली ओळ धरली.

मागणीच्या वेळी स्तोत्र म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांच्या मामाने मान वळवून बघितलं. सेरामेबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पहिला शब्द घेतला आणि तो सोडलाच नाही. त्यांचा श्वास संपत आला तेव्हा शेजारच्या बाईने तोच सूर उचलला, तिचा संपला तेव्हा तिच्या पलीकडचीने. मग आमच्या बाजूने कुणीतरी. जिची घागर परत आली नव्हती तीही गात होती, आणि जिने ती नेली होती तीही. पुलेंगही. तिला बरं गाता येतं हे मला माहीत नव्हतं.

तेफोची आई डाव्या गुडघ्यावर आली. थांबली. ओळ थांबली नाही. तिने उजवं पाऊल वाळूत टेकवलं. दोन्ही तळहात मांडीवर ठेवले. अंगणात कोंबड्या इकडून तिकडे गेल्या. कुणाच्याही हाताला न धरता ती हळूहळू, शाल न ढळू देता, सरळ उभी राहिली. तेव्हा कुठे सेरामेबाईंनी ओळीचा शेवटचा शब्द ठेवला. तो अगदी लहान शब्द आहे.

मग पुलेंग उठली, मग तिच्या मागची, मग सगळ्या.

“एका ओळीत,” केनोसी माझ्या कानाशी म्हणाला. तो पुन्हा नीट बसला होता.

मोजमाप ठरवताना मी ओळीची लांबी कुठेही बांधून घातलेली नव्हती. त्यामुळे निकाल नियमाप्रमाणे आहे, आणि तो मी लिहितो: पहिल्या दिवशी तिसऱ्या ओळीत, मागणीच्या दिवशी पहिल्या ओळीत.

*

माझ्या स्वतःच्या लग्नाच्या मागणीच्या दिवशी बासेत्साना मामीला उठता येईना, तेव्हा खुर्ची आतल्या खोलीतून आली होती. ती खिडकीतून बघून तेफोच्या आईनेच, तेव्हाच्या नवऱ्या मुलीने, पाठवली होती.